आधी पाण्याची नळी, मग नवा फिल्टर

गेल्या अंकात सर्व्हिसिंगबद्दल लिहिताना मी एअर फिल्टरवर दोनच ओळी खर्च केल्या होत्या. दर सर्व्हिसला बॉक्स उघडून बघा, फिल्टर भरला असेल तर बदला, एवढंच. त्यावर सतरा पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच: कंपनीचा कागदी फिल्टर काढून बाजारातला बसवावा का, आणि बसवायचा तर कोणता? म्हणून हा महिना त्यालाच देतो.

मी हे कशाच्या आधारावर बोलतो तेही सांगून ठेवतो. मिरजेत गॅरेज टाकण्यापूर्वी आठ वर्षं मी पिंपरीकडच्या एका फिल्टरच्या कारखान्यात टेस्ट बेंचवर होतो. फिल्टरमधून ठरावीक वेगाने हवा ओढायची, त्यावर मोजून बारीक धूळ सोडायची आणि फिल्टरच्या पलीकडे किती धूळ निसटली ते वजनकाट्यावर बघायचं, हे माझं रोजचं काम. निसटलेली धूळ पकडायला पलीकडे एक पांढरीशुभ्र गाळणी असायची. चांगल्या फिल्टरमागची गाळणी संध्याकाळीही पांढरी दिसायची, आणि वाईटामागची दुपारच्या जेवणापर्यंत करडी व्हायची. तो करडा रंग मी अजून विसरलेलो नाही. आता पत्रं, आणि त्यांखाली माझी उत्तरं.

काका, माझ्याकडे २०१६ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, बाबांनी वापरून मला दिलेली. मित्राने त्याच्या गाडीला ओपन फिल्टर बसवलाय, मशरूमसारखा. दाबल्यावर आवाज एकदम भारी येतो. दुकानदार म्हणतो पिकअप वाढतं, अ‍ॅव्हरेजही वाढतं. डब्यावर १५ एचपी लिहिलंय. किट साडेआठ हजारांना आहे, सुट्टीत काम करून पैसे साठवलेत. बसवू का?
– एक विद्यार्थी, सांगली

पैसे तू स्वतः कमावलेले आहेस, म्हणून सविस्तर सांगतो. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, मोजून बघ.

इंजिनला हवा ओढताना किती अडथळा होतो, हे डोळ्यांनी दिसतं. गवंडी लेव्हल काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो ना, तीच चार मीटर घ्यायची. उभ्या फळीवर तिचा खाली वळलेला वेढा बांधायचा, दोन्ही बाजू तीन-तीन फूट उंच. निम्म्यापर्यंत पाणी भरायचं, नीट दिसावं म्हणून त्यात कपड्याच्या निळीचे दोन थेंब टाकायचे. नळीचं एक टोक उघडं ठेवायचं. दुसरं टोक फिल्टर आणि थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उघडणारी हवेची झडप) यांच्यामधल्या पाइपात. त्यासाठी मी छोटी तोटी बसवलेला एक जुना पाइप जपून ठेवलाय. इंजिन हवा ओढायला लागलं की त्या बाजूचं पाणी वर चढतं, उघड्या बाजूचं खाली उतरतं. दोन्हींतलं अंतर इंचात मोजायचं. बाजू उंच हव्यात त्या एवढ्यासाठी, की पाणी ओढून इंजिनात जाता कामा नये.

तुझ्याच मॉडेलच्या एका गाडीवर मी हे केलंय. पहाटे मोकळ्या रस्त्यावर, दुसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला, ६००० आरपीएम. चालवायला माझा पोरगा, मी शेजारी फळी धरून. कंपनीचा बॉक्स आणि स्वच्छ कागदी फिल्टर असताना फरक आला नऊ इंच. एका फेरीपुरता आतला फिल्टर काढून बॉक्स रिकामा बंद केला, तर सात इंच. म्हणजे ज्या कागदाला सगळे दोष देतात, त्याचा वाटा दोन इंच. उरलेले सात बॉक्सचे, वळणांचे आणि हवा आत घेणाऱ्या पुढच्या सोंडेचे.

आता नऊ इंच म्हणजे किती? समुद्रकाठी हवेचा दाब पाण्याच्या सुमारे ४०७ इंचांएवढा असतो. मिरज साडेपाचशे मीटर उंचीवर, इथे तो साधारण ३८० धर. त्यातले नऊ म्हणजे अडीच टक्क्यांच्याही आत. तुझं इंजिन ८४ पीएसचं, आणि पीएस म्हणजे जवळपास एचपीच. जगातला सगळा अडथळा नाहीसा केलास तरी मिळणार ते दोन पीएस. कुठलंही किट सगळा अडथळा काढू शकत नाही, कारण त्यालाही पाइप आहे आणि त्यालाही फिल्टर आहे. मग पंधरा एचपी येणार कुठून?

उलट ओपन फिल्टर घेतो काय, तर बॉनेटखालची हवा. कंपनीची सोंड पुढच्या जाळीपाशी तोंड काढून बसलेली असते, कारण तिथे बाहेरची हवा मिळते. मशरूम बसतो इंजिनच्या कुशीत, रेडिएटरच्या मागे. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर आत येणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. मार्चअखेरीच्या एका दुपारी, बाहेर ४० अंश असताना, मिरज स्टेशनच्या सिग्नलला उभ्या ओपन फिल्टरच्या गाडीत मला ६८ दिसलं होतं. त्याच दुपारी कंपनीच्या बॉक्सच्या गाडीत ४५. हवा तापली की विरळ होते. साधारण तीन अंशांना एक टक्का, असा हिशेब लक्षात ठेव. २३ अंशांत सात टक्के हवा गेली. शिवाय गरम हवेने नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठकठक, व्हायला लागलं की कॉम्प्युटर स्पार्क उशिराने देतो, आणि पुलिंग आणखी पडतं. हायवेला गाडी पळू लागली की तापमान बरंच उतरतं, हेही खरं. पण तू चालवतोस विश्रामबाग ते कॉलेज, हायवेला नाही.

अ‍ॅव्हरेजचं तर विसरच. पेट्रोल गाडीत हवा कोण अडवतं? थ्रॉटलची झडप. गावात तू पाय जेमतेम टेकवतोस, झडप बहुतेक बंदच असते. हवा निम्मी झाली की फिल्टरचा अडथळा चौथाई होतो. माझ्या नळीतलं पाणी गावातल्या वेगाला हललेलंही दिसत नाही. सगळा दाब झडपेपाशी पडतोय, मग फिल्टर मोकळा करून पेट्रोल वाचणार कसं? अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हेच तपासलं होतं. मुद्दाम चोंदलेला फिल्टर लावूनही आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचं अ‍ॅव्हरेज फारसं बदललं नाही, पाय पूर्ण दाबल्यावरचं पिकअप मात्र पडलं. चोंदलेल्या फिल्टरने अ‍ॅव्हरेज पडत नसेल, तर मोकळ्याने वाढेल कसं, तूच सांग.

राहिला आवाज. तो आवडतो यात वाईट काहीच नाही. इंजिन हवा एकसारखी ओढत नाही, धक्क्याधक्क्याने ओढते, त्याचा तो हुंकार आहे. कंपनीच्या पाइपाला जो एक रिकामा डबा चिकटलेला दिसतो तो हा हुंकार गिळायला ठेवलेला असतो. काही जण तो निरुपयोगी समजून काढून टाकतात. आवाज वाढला की गाडी पळते असं मनाला वाटतं आणि ते वाटणं खरंखुरं असतं, म्हणून तुझ्या मित्रावर मी खोटेपणाचा आरोप करणार नाही. फक्त घड्याळ लावून दोघांनी मोजा.

एवढं वाचूनही घ्यायचाच असेल, तर मशरूम नको. पूर्ण बंद बॉक्सचा घे, जो कंपनीच्या सोंडेतूनच हवा घेतो. दुकानदाराकडे आयएसओ ५०११ या चाचणीचा रिपोर्ट माग. त्यात अडथळा, धूळ अडवण्याची टक्केवारी आणि धूळ धरण्याची क्षमता, तिन्ही आकडे असतात. ज्याच्याकडे पहिलाच आकडा आहे आणि दुसऱ्याचं नाव नाही, त्याचा माल घेऊ नकोस. जुना बॉक्स, क्लिपा, रबरी बूट सगळं पोत्यात बांधून माळ्यावर ठेव, विकताना लागतं. आणि तुझ्या मित्रांनाही सांग, की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत परस्पर बदल करायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

मी तुझ्या जागी असतो तर? कंपनीचा नवा कागदी फिल्टर, चार स्पार्क प्लग, थ्रॉटल बॉडीची सफाई, आणि उरलेले पैसे पुढच्या दोन टायरांसाठी. गाडी रविवारी घेऊन ये. नळी लावून दाखवतो.

माझी बोलेरो डिझेल आहे. जतकडे वीटभट्टी आहे, रस्ता मुरमाचा, डंपरची वर्दळ. दर आठवड्याला पंक्चरवाल्याकडे फिल्टरला हवा मारून घेतो, तरी दोन-तीन महिन्यांत नवा टाकावा लागतो. धुता येणारा कॉटनचा फिल्टर घेतला तर कायमचं काम होईल का?
– एक वीटभट्टीवाले, जत तालुका

तुमचं पत्र वाचून मी पहिलं काम सांगतो ते हे, की हवा मारणं आजपासून बंद करा.

कागदी फिल्टरबद्दल एक गोष्ट लोकांना पटत नाही, पण बेंचवर मी ती शेकडो वेळा पाहिलीय. फिल्टर सगळ्यात जास्त धूळ सोडतो तो अगदी नवा असताना. थोडी धूळ बसली की तिचाच एक पातळ थर तयार होतो, आणि तो थर पुढची धूळ अडवतो. तुम्ही दर आठवड्याला तो थर उडवून लावता, म्हणजे दर आठवड्याला फिल्टर पुन्हा कच्चा करता. त्यात पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा दाब ट्रकच्या टायरचा. कागदाच्या घडीत सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. एक जुना फिल्टर घ्या, रात्री अंधारात त्याच्या आत बल्ब धरा आणि बाहेरून बघा. चांदणी दिसली तर तो फिल्टर गेला.

आता कॉटनचं. तेल लावलेल्या कापडी जाळीचा फिल्टर वाईट असतो असं मी सरसकट म्हणणार नाही. रेसच्या गाड्यांना तो चालतो, कारण त्यांची इंजिनं वरचेवर खोलली जातात. तुमचं इंजिन तुम्हाला तीन-चार लाख किलोमीटर हवंय. दुकानदार म्हणेल, अहो हा ९७ टक्के धूळ अडवतो, कागदी ९९.५ टक्के, अडीच टक्क्यांनी काय होतं? हिशेब आत जाणाऱ्या धुळीचा करा. शंभर ग्रॅम धुळीतून कागदी फिल्टर अर्धा ग्रॅम सोडतो, दुसरा तीन ग्रॅम. म्हणजे सहापट. माझ्या बेंचवरची करडी गाळणी ती हीच.

डिझेल इंजिनला पेट्रोलसारखं थ्रॉटलने उपाशी ठेवत नाहीत, ते सतत पोटभर हवा ओढतं. अडीच लिटरचं इंजिन २५०० आरपीएमला, टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, हिशेब न धरताही, दहा बाय दहाच्या खोलीतली सगळी हवा दहा मिनिटांत पिऊन टाकतं. डंपरच्या मागे राहिलात तर खोलीभर धुरळा. त्यातली डोळ्याला दिसणारी जाड माती फार नुकसान करत नाही, ती कुठलाही फिल्टर अडवतो. नुकसान करते ती पाच ते वीस मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पिठाहूनही मऊ धूळ. पिस्टनची रिंग आणि सिलिंडर यांच्यामधल्या ऑइलच्या थरात ती बरोबर मावते आणि पॉलिश पेपरसारखी घासत राहते. आधी टर्बोच्या पंख्याच्या कडा झिजतात, मग ऑइल कमी व्हायला लागतं, मग सकाळी निळा धूर.

मी हे स्वतःच्या गाडीवर भोगलंय. २००८ मध्ये एका दुकानातून महागडा धुण्याजोगा फिल्टर घेतला. माप बरोबर होतं, पण कडेचं रबर कंपनीच्या रबरापेक्षा कडक आणि जेमतेम दीड मिलिमीटर पातळ. बॉक्स नीट बंद झाल्यासारखा वाटायचा. चार महिन्यांनी फिल्टरकडून इंजिनकडे जाणारा पाइप सोडवून आतून बोट फिरवलं, तर बोटाला करडी, मऊ धूळ, चुरचुरणारी. बाहेरून फिल्टर स्वच्छ, क्लिपा लागलेल्या, आणि धूळ कडेने सरळ आत. तेव्हापासून कुठलाही फिल्टर बसवताना मी कडेच्या रबराला ग्रीसचा पातळ हात देतो आणि हजार किलोमीटरनंतर पाइपात बोट फिरवून बघतो. तुम्हीही बघा. पाइप आतून कोरडा आणि स्वच्छ हवा. बोटाला काही लागलं तर फिल्टर बसलेला नाही.

तुमच्यासाठी माझा सल्ला: जेन्युइन कागदी फिल्टर सहा एकदम आणून ठेवा, घाऊक भाव करा. बॉक्स उघडताना जाड माती हलक्या हाताने ठोकून काढा, तेवढंच. बॉक्सच्या तळातली माती ओल्या फडक्याने पुसा. ट्रॅक्टरच्या सोंडेवर प्री-क्लीनरची वाटी असते, हवा गरगरून जड माती बाहेर टाकणारी, तसं एखादं तुमच्या सोंडेच्या आधी बसवता येतं का ते चांगल्या फिटरला विचारा. तुमच्या रस्त्याला ते कुठल्याही कॉटनपेक्षा जास्त कामाचं आहे. सहा फिल्टरांचा खर्च आणि रिंगा-पिस्टन, बोअरिंग, टर्बो यांचा खर्च एका कागदावर शेजारी शेजारी लिहून बघा.

डिझेल हॅचबॅक, २०१४. धुऊन तेल लावलेला कॉटन फिल्टर टाकला. आठवड्यात चेक लाइट लागला, गाडी ओढेनाशी झाली. स्कॅनरवर पी०१०१ आलं. मेकॅनिक एअरफ्लो सेन्सर बदला म्हणतो, खर्च मोठा आहे.
– एक वाचक, चिंचवड

सेन्सर लगेच बदलू नका. पी०१०१ म्हणजे हवा मोजणाऱ्या सेन्सरचं मोजमाप पटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या सेन्सरमध्ये एक बारीक तापलेली पट्टी किंवा तार असते. हवा तिला गार करते, आणि ती तापलेली ठेवायला किती करंट लागला त्यावरून हवेचं वजन कळतं. फिल्टरला तेल जास्त झालं की बारीक शिंतोडे उडून त्या पट्टीवर बसतात, वर धूळ चिकटते. मग हवा असूनही सेन्सर कमी सांगतो, आणि धूर होऊ नये म्हणून कॉम्प्युटर डिझेल हात राखून देतो. ओढ गेली ती त्याने.

एअरफ्लो सेन्सरसाठीचाच क्लीनर स्प्रे मिळतो. कार्ब्युरेटरचा किंवा ब्रेकचा स्प्रे चालत नाही. इंजिन गार असताना सेन्सर काढा, लांबून आठ-दहा फवारे मारा, कापूस, ब्रश, बोट काहीही लावू नका. तासभर वाळू द्या. परत बसवताना सेन्सरकडून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपांचे क्लॅम्प आणि टर्बोचा होज फाटलेला नाही ना ते बघा, कारण तिथून गळती असली तरी हाच कोड येतो. कोड पुसा आणि कागदी फिल्टर टाकून दोनशे किलोमीटर चालवा. माझ्याकडे अशा आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच एवढ्यावर सुधारल्या. सुधारली नाही, तरच सेन्सरचा विचार करा.

ज्यांच्या गाडीत असा सेन्सर आहे त्यांनी दुसरीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. सेन्सर ज्या नळीत बसतो तिच्या व्यासावर त्याचा हिशेब बांधलेला असतो. किटमध्ये ती नळी दोन-तीन मिलिमीटरने जाड-बारीक असली की मोजमाप चुकलंच. बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत हवा अशी मोजतच नाहीत, मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांचा, दाब आणि तापमान यांवरून काढतात. त्यामुळे मित्राच्या गाडीत लाइट लागला नाही म्हणून तुमच्या गाडीत लागणार नाही असं समजू नका.

सॅन होजेजवळ राहतो. इथे वापरलेली होंडा घेतोय, आधीच्या मालकाने इनटेक बदललाय. काही अडचण?
– एक वाचक, कॅलिफोर्निया

बॉनेट उघडून स्टिकर शोधा. कॅलिफोर्नियात बदललेल्या इनटेकला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या पाइप-फिल्टरला, तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर लागतो, 'डी' अक्षराने सुरू होणारा. तो नंबर तुमच्या मॉडेलला आणि सालाला लागू आहे का, हे बोर्डाच्या यादीत तपासता येतं. आठ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाडीची दर दोन वर्षांनी स्मॉग चेक, म्हणजे धुराची सक्तीची तपासणी, होते, त्यात इन्स्पेक्टर डोळ्यांनीही बघतो. नंबर नसलेला इनटेक दिसला तर धूर कितीही स्वच्छ असो, गाडी नापास. आधीच्या मालकाकडे मूळ बॉक्स पडलेला असेल तर सौद्यातच मागून घ्या. गाडी चांगली असेल तर एवढ्यासाठी सोडू नका.

वाईहून पाचगणीला पसरणीचा घाट चढताना १.२ पेट्रोल गाडी दमते. फ्री-फ्लो फिल्टरने फरक पडेल?
– एक वाचक, वाई

नाही. वर हवाच विरळ आहे. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, तिथे हवा समुद्रकाठच्यापेक्षा सुमारे बारा टक्के विरळ. टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद त्याच प्रमाणात उतरते. बाहेरच कमी असलेली हवा फिल्टर कुठून आणणार? गिअर एक खाली ठेवा, ३००० च्या वर फिरू द्या, चढाला एसी बंद करा. फिल्टर काळा झाला असेल तर मात्र बदला, घाटात पाय पूर्ण दाबलेला असतो, तिथे चोंदलेला फिल्टर जाणवतो.

मुलाने गाडीला कोल्ड एअर इनटेक बसवलाय. पाइप खाली बंपरच्या कोपऱ्यात नेलाय, फॉग लॅम्पच्या मागे. त्याचं म्हणणं, तिथे गार हवा मिळते. आम्ही पंचगंगेजवळ राहतो, पावसाळा तोंडावर आहे. मला भीती वाटते. तो म्हणतो, आई, तुला त्यातलं कळत नाही.
– एक वाचक, कोल्हापूर

ताई, तुम्हाला बरोबर कळलंय. हे पत्र त्याला वाचायला द्या.

बाळा, गार हवेचं तुझं म्हणणं खरं आहे, खाली बॉनेटखालच्यापेक्षा गार हवा मिळते. पण ते तोंड आता गुडघ्याच्या खाली आहे. कंपनीने सोंड बॉनेटच्या कडेला, वर ठेवलीय ती विचार करून. रस्त्यावर एक फूट पाणी असलं तरी समोरून बस गेली की लाट दीड-दोन फुटांची येते, आणि तू घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबतोस, म्हणजे इंजिन आणखी जोरात ओढतं.

किती पाणी पुरतं, सांगतो. १.२ लिटरच्या इंजिनात एका सिलिंडरचा वाटा ३०० सीसी. कॉम्प्रेशन रेशो अकराच्या आसपास. म्हणजे पिस्टन वर गेल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा ३० सीसी, स्वयंपाकघरातले दोन मोठे चमचे. त्याहून जास्त पाणी आत गेलं की पिस्टनला वर जायला जागा नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मागून क्रँक ढकलतोय, पुढे पाणी हटत नाही, मग वाकतो तो दोघांना जोडणारा कनेक्टिंग रॉड.

२०१९ च्या ऑगस्टात, महापुराच्या त्या आठवड्यानंतर, माझ्याकडे अशा तीन गाड्या ओढून आणल्या होत्या. त्यातली एक तुझ्यासारखीच, पाइप खाली नेलेली. तिचा मालक पुरात अडकला नव्हता, पूर ओसरल्यावर कॉलनीतल्या डबक्यातून गेला होता. रॉड काढून सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट केलेल्या पाटीवर, चांगल्या रॉडशेजारी ठेवला. नुसत्या डोळ्याला सरळ वाटत होता. खाली टॉर्च धरली तेव्हा मधोमध उजेडाची फट दिसली. तेवढ्या फटीने ब्लॉकला भोक पडायचं बाकी होतं. विमा होता, पण पाण्यात इंजिनचं झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची जोड वेगळी घ्यावी लागते, ती त्याच्याकडे नव्हती. आणि खाली नेलेला पाइप विम्याच्या सर्व्हेअरला पहिल्या नजरेत दिसला.

म्हणून मे संपायच्या आत तो पाइप काढ, कंपनीचा बॉक्स आणि सोंड परत बसव. दिवाळीनंतर पुन्हा लावायचा असेल तर तुझी मर्जी, आईला विचारून लाव.

आणि ताई, गाडी कधी पाण्यात बंद पडलीच, तर दोघांनीही एवढं पाळा. पुन्हा स्टार्टर मारून बघायचा नाही, एकदाही नाही. बंद पडताना वाचलेलं इंजिन दुसऱ्या स्टार्टला मरतं. चावी काढा, गाडी ढकलून कोरड्यावर घ्या, बॅटरीची काळी केबल सोडा. एअर बॉक्स उघडून फिल्टरला हात लावा. तो ओला लागला तर गाडी ओढूनच न्या, आणि मेकॅनिकला सांगा, आधी चारही प्लग काढ आणि इंजिन हाताने फिरव.